आडव्या आजोबांना उभं करताना

अगं, काकू सांगत होती की आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पुस्तकासाठी जमवलेले फोटो तू एकेक उघडतेस, उजवीकडे फिरवतेस आणि सेव्ह करतेस. निम्मे झालेसुद्धा म्हणे. मग उरलेल्या निम्म्यांना हात लावायच्या आधी माझं जरा ऐकून घे. रागवायला नाही आले. घरात एवढी माणसं, पण अल्बम खाली उतरवून धूळ झटकायचं सुचलं ते तुलाच. फक्त त्या 'सेव्ह'च्या बटणाची आणि तुझी नीट ओळख करून द्यायची राहिलीय.

आधी हे सांगते की घाबरू नकोस. एकदा फिरवून सेव्ह केल्यानं आजोबांचा चेहरा पुसला जात नाही. चांगल्या क्वालिटीवर सेव्ह केला असेल तर तुला फरक दिसणारही नाही. पण गंमत बघ, फोटो काटकोनात फिरवायला मुळात काहीच गमवावं लागत नाही. फुकटात होणारं काम आहे ते. आणि तरी बहुतेक लोक त्याची किंमत मोजतात, कारण फिरवणं आणि पुन्हा दाबून भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सॉफ्टवेअर त्यांना सांगतच नाही.

दाबून भरणं म्हणजे काय ते सांगते. तुझ्या फोनमधला 12 मेगापिक्सेलचा फोटो आहे तसा ठेवायचा तर प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरून 36 एमबी लागतील. तो तुझ्याकडे तीन-चार एमबीत बसलेला असतो, कारण तो जेपेग आहे, नावाच्या शेवटी जेपीजी असतं ना, ते. बाकीचं गेलं कुठे? थोडं हुशारीनं लिहिण्यात वाचलं आणि थोडं चक्क टाकून दिलं. काय टाकलं तर डोळ्याला सहसा कळणार नाही, हे ठरवून टाकलेलं असतं.

त्यामागचं गणित आपल्याकडच्या माणसाचं आहे बरं का. बंगळूरुत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत शिकवत होते. या कल्पनेवर काम करण्यासाठी 1972 मध्ये त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले; अर्ज नामंजूर झाला. तरी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबरचा त्यांचा शोधनिबंध जानेवारी 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी. जेपेगचं प्रमाण 1992 मध्ये आलं ते याच पायावर. आपण रोज शेकडो फोटो इकडून तिकडे ढकलतो, त्यामागे हे नाव आहे आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात ते कुठे आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. असो.

तर जेपेग काय करतं, फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. एका चौकोनात 64 ठिपके. त्यांच्या जागी डीसीटी 64 नवे आकडे देतं: पहिला आकडा सांगतो चौकोन सरासरी किती उजळ आहे, आणि पुढचे सांगतात त्यात चढउतार किती, ठळक किती नि बारीक किती. या अदलाबदलीत काही हरवत नाही. मग प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या आकड्यानं भागायचं आणि उत्तर पूर्णांकात करायचं. बारीक तपशिलाच्या आकड्यांना मोठ्यानं भागतात, म्हणून त्यातले बरेचसे शून्य होऊन जातात. मुख्य नुकसान होतं ते इथे, या पूर्णांक करण्यात.

कागदावर करून बघ. समज एक आकडा 36 आहे आणि भाजक 10. उत्तर 3.6, ते झालं 4. फोटो उघडताना सॉफ्टवेअर 4 ला 10 नं गुणतं आणि 40 मिळवतं. चार इकडचे तिकडे झाले, चालतंय. आता तू तो फोटो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सेव्ह केलास आणि त्याचा भाजक निघाला 15. 40 भागिले 15 म्हणजे 2.67, ते झालं 3. पुढच्या वेळी उघडताना 45. मूळचा 36 आता 45 आहे. थेट 15 नं भागलं असतं तर 30 आलं असतं, म्हणजे सहानं चुकलो असतो. दोन टप्प्यांत नऊनं चुकलो. आणि दुसऱ्या खेपेलाही भाजक 10 च असता तर? 40 भागिले 10, बरोब्बर 4. काहीच बिघडलं नसतं.

म्हणून 'जितक्या वेळा सेव्ह तितका फोटो खराब' हे जे सरसकट सांगतात ते अर्धंच खरं आहे. तोच भाजक, तेच चौकोन राहिले तर दुसऱ्या-तिसऱ्या सेव्हनंतर फार काही बदलत नाही. घात होतो तो भाजक बदलला की, नाहीतर चौकोनांच्या रेषा सरकल्या की. आणि सॉफ्टवेअर बदललं की भाजक सहसा बदलतो. क्वालिटी 80 असं लिहिलेलं असतं ना, तो 80 सगळीकडे सारखा नसतो. त्याचं प्रमाण कुणी ठरवलेलंच नाही. फोटोशॉप तर 0 ते 12 अशी स्वतःची पट्टी वापरतं. आणि फोन-कॅमेऱ्यांच्या भाजकांच्या याद्या त्यांच्या त्यांच्या.

नुसता फोटो उघडून बघितला, पेन ड्राइव्हवर घेतला, कॉपी केला, नाव बदललं, तर मात्र काहीही होत नाही. फोटो बघून बघून झिजतो असं आपल्या मावशीला वाटतं, तिला समजाव.

आता तू करत होतीस ते बघ. साधं सॉफ्टवेअर फोटो उघडतं, आकडे गुणून पुन्हा ठिपके तयार करतं, ठिपके फिरवतं आणि सेव्ह म्हटल्यावर सगळं पहिल्यापासून भागायला घेतं, स्वतःच्या भाजकानं. तुला वाटतं आपण फोटो फिरवला. प्रत्यक्षात तो उसवून परत भरला गेला. ओळखायची साधी खूण म्हणजे फाइलचं वजन. चार एमबीचा फोटो फिरवल्यावर दीड एमबीचा झाला, तर मधलं काहीतरी गेलं. उलट चारचा सहा झाला म्हणून मात्र हुरळून जाऊ नकोस. वजन वाढल्यानं गेलेलं परत येत नाही.

हे आधी कुठे दिसतं माहितीये? चेहऱ्यात नाही. अक्षरांच्या कडांना दिसतं, काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं असतं तिथे. म्हणजे काकाच्या लग्नपत्रिकेचा फोटो आहे ना तुझ्याकडे, त्यात नावांच्या भोवती बारीक भुरभुर दिसायला लागेल. आणि लाल रंगात दिसतं. जेपेग उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याला ठेवतं, पण रंगाची बहुतेक वेळा चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवतं, कारण डोळ्याला रंगाची कड तितकीशी बारीक दिसत नाही. पुन्हा सेव्ह करताना रंग आधी ताणले जातात, मग पुन्हा आकसले जातात. त्यामुळे आजीचं कुंकू आणि त्या हिरव्या पैठणीचा लाल काठ या दोन जागा तू मोठ्या करून बघ. कड कपाळात उतरल्यासारखी वाटली तर समजायचं फोटो एकदोन हातांतून गेलाय.

मग फुकटात कसं फिरवायचं? नव्या घराची फरशी डोळ्यापुढे आण. गवंडी दारापासून अख्ख्या फरशा मांडत जातो आणि कापलेले अर्धे तुकडे पार पलीकडच्या भिंतीला लावतो. आता समज, सगळ्या खोलीची नक्षी काटकोनात फिरवायचीय. एक उपाय असा की सगळ्या फरशा फोडायच्या, भुगा करायचा आणि नव्यानं साचे घालायचे. साधं सॉफ्टवेअर हे करतं. दुसरा उपाय, प्रत्येक फरशी अख्खी उचलायची, हातातच फिरवायची आणि तिच्या नव्या जागी ठेवायची. एकही फरशी फुटत नाही.

जेपेगमध्ये दुसरा उपाय सहज जमतो, आणि तो डीसीटीच्या गणितातच दडलेला आहे. एक चौकोन फिरवायचा तर त्यातले 64 आकडे आडव्याचे उभे मांडायचे आणि ठरावीक आकड्यांची चिन्हं उलटी करायची, अधिकचं उणे, उण्याचं अधिक. भाजकांचा तक्ताही तसाच आडव्याचा उभा करायचा. झालं. गुणाकार नाही, भागाकार नाही, पूर्णांक करणं तर नाहीच. जिथे नुकसान होतं त्या पायरीपर्यंत आपण जातच नाही. याला लॉसलेस रोटेशन म्हणतात, आणि मेन्यूत 'लॉसलेस' हा शब्द दिसला तरच मी त्या बटणाला हात लावते.

विंडोजवर इरफानव्ह्यू घे. फुकट आहे, जुनं आहे, दिसायला अगदीच साधं आहे, आणि मला ते त्यासाठीच आवडतं. त्याच्याबरोबर त्याचे प्लगिनही उतरवून घे, कारण लॉसलेस फिरवणारा भाग त्यात असतो. मग 'जेपीजी लॉसलेस' असं ज्या आज्ञेच्या नावात आहे तीच वापरायची. नेहमीचं 'रोटेट राइट' आणि मग सेव्ह, हे तिथेसुद्धा उसवून भरणंच आहे. छोट्या चित्रांच्या खिडकीत एकदम शंभर फोटो निवडून एका फटक्यात फिरवता येतात. फास्टस्टोन आणि एक्सएनव्ह्यूमध्येही ही सोय आहे. दादासारखं काळ्या खिडकीत टाइप करायची हौस असेल तर जेपेगट्रॅन नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो असलीच लॉसलेस कामं करतो.

पण गवंड्याचे ते अर्धे तुकडे विसरू नकोस, खरी मेख तिथे आहे. जेपेगचं दार म्हणजे फोटोचा वरचा डावा कोपरा. मांडणी तिथून सुरू होते, म्हणून अर्धवट फरशी चालते ती फक्त उजव्या आणि खालच्या कडेला. आणि रंग चारांत एक ठेवलेला असला की फरशी आठाची न राहता सोळा बाय सोळाची होते. आता तुझ्या फोनचा फोटो 4000 बाय 3000 आहे. 4000 ला 16 नं भाग, 250 अख्ख्या. 3000 ला भाग, साडेएकशेसत्त्याऐंशी. म्हणजे खाली अर्ध्या फरशांची आठ ठिपक्यांची एक पट्टी आहे. फोटो उजवीकडे फिरवलास की खालची कड डावीकडे येते, दारात! तिथे अर्धा तुकडा बसत नाही. तोच फोटो डावीकडे फिरवलास तर खालची कड उजवीकडे जाते, आणि तिथे अर्ध्याला मुभा आहे. एकाच फोटोला एका बाजूचं वळण पूर्ण फुकट आणि दुसऱ्या बाजूचं अडलेलं. मग तीनदा डावीकडे फिरवलं की उजवीकडचं साधेल, असं तुझ्या मनात आलंच असेल. नाही साधत, दुसऱ्याच वळणाला अडतं. दादाच्या आयफोनचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4032 बाय 3024 असतो. 252 आणि 189, दोन्ही अख्खे. तो कसाही फिरव.

अडलेल्या जागी प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतं. कुणी सरळ नाही म्हणतं. कुणी ती आठ ठिपक्यांची पट्टी कापून टाकतं. जेपेगट्रॅनला काही सांगितलं नाही तर ते पट्टी तशीच न फिरवता ठेवतं, आणि मग कडेला एक विचित्र रंगीत रेघ दिसते. आणि काही सॉफ्टवेअर गुपचूप उसवून परत भरतात, वर 'झालं' म्हणून सांगतात. हे शेवटचे मला सगळ्यात आवडत नाहीत. माझं ऐकशील तर पट्टी कापू दे. पुस्तकासाठी आपण इंचाला 300 ठिपके धरतो. त्या हिशेबानं आठ ठिपके म्हणजे पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाहीत. अल्बमच्या काळ्या पानाची कड तेवढी कमी दिसेल. फक्त मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या कॉपीवरच हे कर.

आता तुझ्याकडे एवढे फोटो आडवे आलेच का, ते सांगते, म्हणजे पुढचे तरी येणार नाहीत. फोनच्या आतला कॅमेरा स्वतः कधीच वळत नाही. तू फोन उभा धरलास तरी बहुतेक फोन फोटो आडवाच लिहितात आणि बरोबर एक चिठ्ठी जोडतात: दाखवताना मला असं फिरवून दाखवा. फोटोबरोबर तारीख, वेळ, लेन्स वगैरे जी माहिती असते तिला एक्झिफ म्हणतात, त्यातलाच हा एक आकडा, 1 ते 8 मधला. 1 म्हणजे आहे तसा, 3 म्हणजे उलटा, 6 म्हणजे उजवीकडे पाव फेरी, 8 म्हणजे डावीकडे पाव फेरी. उरलेले चार आरशातल्या प्रतिमेसाठी. हा आकडा ठरवायला फोन गुरुत्वाकर्षण बघतो, खाली कुठे आहे ते. आणि तू काय केलंस? अल्बम जमिनीवर ठेवून फोन त्याच्यावर सपाट धरलास. त्या स्थितीत जमीन फोनच्या पाठीला असते. फोनला चारही कडा सारख्याच. मग तो आधीचं काहीतरी धरून अंदाज ठोकतो. म्हणून आजोबा एका फोटोत उभे, दुसऱ्यात आडवे. आगफा क्लिकवर काढलेल्या चौकोनी फोटोंत तर कुठली बाजू वर ते पटकन तुलाही कळलं नसेल, बिचाऱ्या फोनला काय कळणार. पुढच्या वेळी फोन थोडा उभा कलता करून मग सपाट ने, पडद्यावरची चिन्हं कुठे तोंड करून आहेत ते बघ, आणि मगच बटण दाब.

म्हणजे तुझ्या बऱ्याच फोटोंत चित्राला हात लावायची गरजच नाही, नुसती चिठ्ठी चुकलीय. ती बदलली की झालं. एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमनं अख्ख्या फोल्डरची चिठ्ठी एका ओळीत बदलता येते. दादाला बसव शेजारी. यात फरशी उचलायचीही नाही, दारावरची पाटी फक्त बदलायची. अर्ध्या तुकड्यांचा प्रश्न नाही, कुठलं वळण चालतं याचा विचार नाही. घरात जपून ठेवायच्या प्रतींसाठी मला हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो.

छपाईला द्यायच्या प्रतींसाठी मात्र नाही. कारण चिठ्ठी वाचायची की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर आहे. वेबपानावर टाकलेल्या फोटोंची चिठ्ठी क्रोम आणि फायरफॉक्स आपण होऊन मानायला लागले ते 2020 मध्ये. त्याआधी फोनवर नीट दिसणारा फोटो ब्राउझरमध्ये आडवा पडायचा. पानांची मांडणी करणारी, लॅबमधल्या यंत्रांवरची जुनी सॉफ्टवेअर अजूनही चिठ्ठी वाचतीलच असं नाही. आणि आजीच्या पुस्तकात आजोबा आडवे छापून आले तर आजी हसेल, पण आत्या वर्षभर ऐकवेल. तेव्हा छापखान्यासाठी वेगळं फोल्डर कर, त्यातले फोटो लॉसलेस पद्धतीनं खरोखर फिरव, आणि फिरवल्यावर चिठ्ठी 1 करायला विसरू नकोस. नाहीतर काय होतं, चित्र आधीच सरळ झालेलं असतं, चिठ्ठी अजून 'उजवीकडे फिरवा' म्हणत असते, आणि नेक सॉफ्टवेअर पुन्हा फिरवून आजोबांना दुसऱ्या कुशीवर निजवतं. इरफानव्ह्यूच्या त्या लॉसलेस खिडकीत चिठ्ठीप्रमाणे आपोआप फिरवण्याची आणि मग चिठ्ठी सरळ करण्याची सोय आहे. एक बारीक गोष्ट अजून: फाइलच्या पोटात एक छोटं चित्रही ठेवलेलं असतं, यादीत दिसतं ते. कधी मोठा फोटो फिरतो आणि ते छोटं तसंच राहतं. यादीत आडवा दिसला म्हणून लगेच फिरवू नकोस. आधी उघडून बघ.

सॉफ्टवेअर खरंच लॉसलेस आहे का, याची शंका आली तर परीक्षा सोपी आहे. दादाच्या फोनमधला, दोन्ही बाजूंना सोळानं पूर्ण भाग जातो असा एक जेपेग फोटो घे. कॉपी कर आणि ती कॉपी चारदा उजवीकडे फिरव, म्हणजे जागेवर येईल. मग गिंप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटो खाली आणि ही कॉपी वर असे दोन थर ठेवून वरचा थर 'डिफरन्स'वर टाक. सगळं काळंकुट्ट दिसलं तर डोळ्याला दिसेल असं काही बदललेलं नाही. करडी भुरभुर दिसली तर त्या सॉफ्टवेअरला राम राम. नुसतं फाइलचं वजन जुळवत बसू नकोस. आकडे तेच राहूनही ते लिहायची पद्धत बदलली की वजन थोडं हलतं.

आणि हे सगळं काटकोनाचं झालं. फोटो दोन-तीन अंशांनी कलंडलाय, तो सरळ करायचाय, ही गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे लॉसलेस असं काही नसतंच. दोन अंशांनी फिरवल्यावर नवा ठिपका जुन्या चार ठिपक्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो, मग त्या चारांवरून नवा रंग मोजावा लागतो. म्हणजे जेपेगनं दाबायच्या आधीच चित्र किंचित मऊ होतं. करूच नकोस असं नाही म्हणत मी. पण एकाच बैठकीत कर: सरळ करणं, कापणं, उजेड वाढवणं, सगळं मूळ फाइलवरून सुरू करून, आणि शेवटी एकदाच, वरच्या क्वालिटीवर, नव्या नावानं सेव्ह. मध्येच उठावं लागलं तर जेपेगमध्ये नाही, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेव. त्यात काही दाबून टाकून देत नाहीत. आज थोडं सरळ केलं, सेव्ह. उद्या थोडं कापलं, सेव्ह. परवा पुन्हा अर्धा अंश फिरवला, सेव्ह, असं करशील तर दर वेळी चौकोनांच्या रेषा सरकतात आणि नवे भाजक लागतात, आणि मग मघाचं 36 चं गणित दर फेरीला नव्यानं. खरं सांगू, स्टुडिओत काढलेल्या त्या जुन्या फोटोंची पांढरी कड थोडी तिरपी दिसली तर दिसू दे. हातानं चिकटवलेल्या अल्बमला तेवढं शोभतं.

सगळं पीएनजी करून ठेवू का, असं विचारशील. मध्ये काम चालू असताना ठेव हवं तर, त्यात पुढचं नुकसान टळतं. पण जेपेगचं पीएनजी केल्यानं टाकलेलं परत मिळत नाही, आणि फाइल मात्र पाच-सहापट फुगू शकते. फोनऐवजी स्कॅनरवर काही करणार असशील तर मात्र सुरुवातच टिफ किंवा पीएनजीनं कर, तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

आता नातेवाईक. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो आकारानं लहान होतो, पुन्हा दाबला जातो आणि त्याची एक्झिफ माहितीही गळून पडते. कधी काढला, कुठल्या फोननं, सगळं. एचडी निवडलं तर आकार बरा राहतो, दाबणं टळत नाही. आत्यानं फोटो पाठवला, तिच्याकडून काकानं घेतला, काकानं ग्रुपवर टाकला आणि तिथून तू उचललास, तर तुझ्या एका फिरवण्यानं काय बिघडणार, आधीच दोन हात झालेत. सगळ्यांना एकच सांग: फाइल जोडायच्या चिन्हावर जा, गॅलरी नको, 'डॉक्युमेंट' निवडा आणि त्यातून फोटो पाठवा. तसा पाठवला की फाइल आहे तशी येते, चिठ्ठीसकट. काकूला एकदा शेजारी बसून दाखवावं लागेल, फोनवरून नाही जमायचं. दादाच्या आयफोनमधून जे एचईआयसी फोटो येतील त्यांची काळजी करू नकोस. 2017 पासून आयफोन या प्रकारात फोटो ठेवतात आणि त्यात फिरवणं हे फाइलमध्ये लिहिलेल्या सूचनेवरच चालतं. छापखान्याला जेपेग हवं असेल तर बदल एकदाच, शेवटी, वरच्या क्वालिटीवर.

तू आधीच फिरवून टाकलेल्या निम्म्या फोटोंचं काय, हे राहिलंच. ज्यांच्या मूळ फाइली फोनमध्ये अजून आहेत, त्या तुझ्या संगणकावर 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये उतरव आणि फोल्डरवर फक्त वाचण्याची परवानगी ठेव, म्हणजे चुकून सेव्ह दाबलं तरी काही होणार नाही. त्यातून पुन्हा कर, शंभर फोटोंना आता तुला दहा मिनिटं पुरतील. ज्यांचं मूळ उरलं नाही, त्यांना आणखी हात लावू नकोस. ते पुन्हा मागे फिरवून सुधारणार नाहीत, उलट अजून एक फेरी होईल. त्यातले अगदी हवेच असलेले दोनचार अल्बममधून नव्यानं काढ, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून.

आणि हो, आत्याचा फोन भरलाय म्हणून ती रविवारी गॅलरी साफ करायला बसणार आहे. तिला आजच फोन कर.